हिवाळ्यात डोंगरावर जाताना: जिथे निर्धास्त वाटतं तिथे जास्त जपा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा जणांचा गट, त्यात दोघं साठीच्या पुढचे. गाडीने बर्फाच्या प्रदेशात जायचं, डोंगरातल्या गावात मुक्काम करायचा आणि मग दोन दिवस चालत खिंडीपर्यंत जाऊन परत यायचं. थर्मल, जाड जॅकेट, बूट घेऊन झाले आहेत. पोहोचायच्या आधीचे दोन दिवस हिमवर्षाव आहे, पण नंतर अंदाज निरभ्र दाखवतोय. मग आणखी काय बघायला हवं?

मी हिवाळी गिर्यारोहण शिकवते आणि शोध-बचावाच्या कामातही असते. तुमचा प्रश्न वाचताना मी 'नंतर निरभ्र' या शब्दांपाशी थांबले. वादळ चालू असताना माणसं आपणहून चार भिंतींत बसतात. वादळ सरतं, आकाश निळंशार होतं आणि सगळे एकदम बाहेर पडतात. नेमका त्या दिवशी उतारावरचा नवा बर्फ सगळ्यात कच्चा असतो. डोंगरातल्या हिवाळ्याच्या बहुतेक धोक्यांची हीच तऱ्हा आहे. उणे वीस तापमानाची आपल्याला धास्ती वाटते, पण माणसं गारठून जातात ती बरेचदा शून्याच्या आसपास, ओल्या वाऱ्यात. भीती कड्याची वाटते आणि जीव जातो बंद खोलीत, शेगडीपाशी. म्हणून आपण कुठे कुठे गाफील राहतो, त्या क्रमाने सांगते.

सुरुवात हिमस्खलनापासून करू, कारण तुमची खिंडीची वाट मोठ्या उतारांखालूनच जाणार. बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर बसतो, आणि दोन थरांमधला सांधा कधी पक्का असतो, कधी नाही. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो आणि थंडी कडक. जमिनीलगतची ऊब आणि वरचा गारठा यांच्या फरकामुळे तळाच्या बर्फाचे कण हळूहळू बदलतात. भरड, सुटे होतात, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. पुढे त्यावर मोठा हिमवर्षाव झाला की वरचा जड थर या सुट्या कणांवर नुसता टेकून राहतो. तो सुटायला एका माणसाचं वजन पुरतं. मोठ्याने बोलू नका, आवाजाने बर्फ कोसळतो, असं अजूनही सांगितलं जातं. माणसाच्या ओरडण्याने तो कोसळत नाही. डोंगरात हौसेने फिरणाऱ्यांचा जीव घेणारी स्खलनं दहापैकी साधारण नऊ वेळा त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी उतारावर पाय टाकल्याने सुटलेली असतात. याचा अर्थ बराचसा धोका आपल्या वाटेच्या निवडीत आहे, आणि म्हणून तो टाळताही येतो.

असे थर बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सौम्य उतारावर सहसा सुटत नाहीत, आणि फार उभ्या उतारावर बर्फ साठतच नाही, थोडाथोडा गळून जातो. घरातला नेहमीचा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, म्हणजे जिन्याइतका चढ हा धोक्याच्या पट्ट्यातलाच. मोबाइलवर उतार मोजायची सोय असते. ती घरीच हाताळून ठेवा. आणि आपण सपाटीवर चालतोय म्हणून सुटलो असं समजू नका. वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ सपाटीवर दूरपर्यंत येतो. ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावावर फेब्रुवारी १९९९ मध्ये असंच स्खलन आलं आणि ३१ माणसं गेली. त्यातली कितीतरी आपापल्या घरात किंवा गावातल्या रस्त्यावर होती.

'दोन दिवस बर्फ पडला' एवढ्यावर थांबू नका. वारा कुठून होता ते विचारा. वारा डोंगराच्या धारेच्या, म्हणजे माथ्यावरच्या अरुंद कण्याच्या, एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाला टाकतो, आणि हा भरणा आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने होतो. गावात वीतभर बर्फ असताना खिंडीच्या आडोशाला मीटरभर साठलेला असू शकतो. हे काम निळ्या आकाशाखालीही चालू राहतं: धारेवरून बर्फाचा धुरळा उडताना दिसला तर समजा की पलीकडचा उतार या क्षणी भरतोय. धारेच्या टोकाला वाऱ्याने तयार झालेली कमान, म्हणजे कॉर्निस, वरून घट्ट जमिनीसारखी दिसते. खाली आधार नसतो, आणि तुटताना ती वाटते त्यापेक्षा बरीच मागून तुटते. फोटोसाठी कडेला जाऊ नका.

उतार स्वतःही सांगत असतो. पावलाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला आणि बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटला, तर खालचा कमकुवत थर त्या क्षणी मोडला आहे. पायाजवळून भेग सरसर पुढे पळाली तर तोच अर्थ. त्याच दिशेच्या दुसऱ्या उतारावर ताजं स्खलन दिसलं तर याहून स्पष्ट सूचना मिळणार नाही. यापैकी एक जरी दिसलं तरी मी गट मागे वळवते. चर्चा सौम्य उतारावर पोहोचल्यावर करते.

आम्ही शिकवताना एक चाचणी करतो, तुमच्या वाटाड्याला ती येते का हे जरूर विचारा. जायचंय त्याच दिशेच्या आणि तेवढ्याच कलाच्या एखाद्या लहान, सुरक्षित उतारावर खड्डा खणायचा. मग बर्फाचा ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब चारही बाजूंनी मोकळा करायचा. त्याच्या माथ्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवायचं आणि थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कधी शेवटच्या थापेपर्यंत खांब नुसता दबत जातो. कधी पाचव्या-सहाव्या थापेलाच वरचा ठोकळा सरळ रेषेत सुटून अलगद हातावर येतो, मागे गुळगुळीत पृष्ठभाग राहतो. विद्यार्थी तो पाहतात तेव्हा मला फार बोलावं लागत नाही. मात्र या चाचणीने उतार सुरक्षित ठरवायचा नसतो. खराब निकाल मिळाला तर परतायचं. चांगला मिळाला तरी बाकीच्या खुणा पाहायच्याच, कारण दहा मीटरवर थरांची रचना वेगळी असू शकते.

जिथे स्खलनाचा रोजचा इशारा निघतो तिथे बहुतेक ठिकाणी १ ते ५ अशा पातळ्या असतात. ३ म्हणजे मधली पातळी, म्हणजे चालेल, असा समज होतो. तसं नाही. पातळ्यांमधला फरक सारखा नसतो, एकेका पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो. अनेक देशांत सगळ्यात जास्त मृत्यू ३ या पातळीच्या दिवसांतच होतात: ५ असताना कुणी बाहेर पडत नाही, आणि ३ असताना सगळे पडतात. तुमच्या अनुभवाच्या गटाने ३ असेल तर ३० अंशांपेक्षा जास्त उतारावर आणि त्याच्या खालीही जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

कुणी गाडलं गेलंच तर वेळ मिनिटांत मोजायची. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचण्याची शक्यता फार कमी उरते. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते, म्हणजे वाचवायचं ते सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर चालू बीकन (गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून संकेत देणारं आणि पकडणारं यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं, शिवाय ते वापरायचा सराव हवा. उतार ओलांडताना एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर त्याच्यावर ठेवायची, म्हणजे तो शेवटचा कुठे दिसला ते माहीत राहतं. तिन्ही साधनं नसतील किंवा सराव नसेल, तर वाटच अशी निवडा की ती लागणार नाहीत.

आता थंडी. कोरड्या उणे दहामध्ये नीट कपडे घातलेला माणूस मजेत चालतो. त्याच माणसाला १ अंशावरचा भुरभुर पाऊस-बर्फ आणि वारा तीन तासांत आडवा करतो. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि ओल्या कपड्यांतून वारा उरलेली नेतो. उणे १० तापमानात ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २१ सारखं लागतं. हवामानाच्या अंदाजात गावाचं तापमान असतं. वर जाताना दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश कमी होतात आणि वारा वाढतो, हा हिशोब तुम्हीच करायचा. अंग भिजतं ते फक्त वरून नव्हे, आतून घामानेही. म्हणून निघताना थोडी थंडी वाजेल एवढेच कपडे घाला, घाम येण्याआधी एक थर काढा, थांबल्याबरोबर घाला. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक असावा. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवा, ते ओले झाले की वाळत नाहीत. मोज्यांची आणि हातमोज्यांची एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत ती पिशवी उघडू नका.

गारठत चाललेला माणूस स्वतः तक्रार करत नाही, हे लक्षात ठेवा. तो मागे पडतो, गप्प होतो. विचारलं तर 'ठीक आहे' म्हणतो. मी गटातल्या प्रत्येकाला मधूनमधून जॅकेटची चेन पूर्ण खाली करून पुन्हा लावायला सांगते. ज्याची बोटं चेनच्या टोकाशी चाचपडत राहतात, जो दोनदा प्रयत्न करून 'राहू दे' म्हणतो, त्याच्याकडे मग माझं सगळं लक्ष जातं. जीभ जड होणं, पाय अडखळणं, चिडचिड ही त्याच ओळीतली पुढची लक्षणं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला. कुडकुडणं जोरात चालू आहे तोवर शरीर झुंजतंय. ते थांबलं आणि माणूस मात्र अजून थंडच आहे, तर ती सुधारणा समजू नका. परिस्थिती हाताबाहेर चालली आहे.

कुडकुडणारा, शुद्धीवर असलेला माणूस असेल तर त्याला वाऱ्याआड बसवा, खाली मॅट किंवा सॅक घाला, कारण जमीन फार उष्णता ओढते. आडोशाला ओले कपडे काढून कोरडे घाला, गोड आणि कोमट काहीतरी प्यायला द्या, खायला द्या. लगेच 'चल, चालल्याने गरम होशील' म्हणून उठवू नका. निदान अर्धा तास ऊब मिळू दे. दारूचा घोट अजिबात नको. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर बरं वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. हातपाय चोळू नका. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीवर ठेवा. गुंगीत असलेल्या माणसाला आडवाच ठेवा आणि अगदी हळुवार हलवा, कारण थंड पडलेलं हृदय धक्क्यानेही बिघडतं. त्याला तोंडाने काही देऊ नका, आणि बचावपथक बोलवा.

आणि थंडगार, निपचित पडलेल्या माणसाला मेला असं ठरवायची घाई करू नका. श्वास आणि नाडी पूर्ण एक मिनिट तपासा. आना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर १९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली अडकली. ८० मिनिटांनी तिला बाहेर काढलं, शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलेलं होतं. ती वाचली आणि पुन्हा डॉक्टर म्हणून कामाला लागली. तिच्या सोबत्यांनी आणि बचावपथकाने प्रयत्न सोडले नाहीत, म्हणून हे घडू शकलं.

हिमदंशाबद्दल एवढंच: बोट, नाक, कान पांढरट, मेणचट आणि बधिर झाले तर बर्फाने चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका, बधिर कातडी भाजते ते कळतही नाही. मुक्कामी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात भिजवून ऊब द्या. पण तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर गोठलेलाच राहू द्या, कारण एकदा सैल होऊन परत गोठला तर नुकसान कितीतरी जास्त होतं. अडीच हजार मीटरच्या वर असाल तर आणखी एक गल्लत होते. उंचीमुळे मेंदूला सूज आलेला माणूसही अडखळतो, बरळतो, आणि सोबती त्याला नुसती थंडी वाजली असं समजून पांघरूण घालून झोपवतात. त्याला एका रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला सांगा. ऊब मिळाल्यावरही ते जमत नसेल तर थांबायचं नाही, रात्र असली तरी शक्य त्या सुरक्षित वाटेने खाली उतरवायचं.

गाडी आणि खोली या तुमच्या मनातल्या सुरक्षित जागा. त्यांच्याबद्दल मला जास्तच काळजी वाटते. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी इथे एका रात्रीच्या हिमवर्षावात हजारो गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं आपल्या गाड्यांमध्येच दगावली. बर्फाने एक्झॉस्टचा पाइप बुजला आणि इंजिन चालू असलं की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि थंडीत झोप येण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अडकलात तर गाडी सोडून बर्फात चालत सुटू नका. एक्झॉस्टभोवतालचा बर्फ काढा, तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा, वारा ज्या बाजूने येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि पाइप पुन्हा पुन्हा तपासा. सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नका. खोलीतही तेच: कोळशाची शेगडी पेटवून दार-खिडक्या लावून झोपायचं नाही, तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मूठभर आकाराचा असतो. तुमच्या सामानात दुसरं जॅकेट नसलं तरी चालेल, हा असावा.

रस्त्यावर सगळ्यात फसवा असतो तो न दिसणारा बर्फ. डांबरावर पाण्याचा पारदर्शक थर गोठतो, रस्ता फक्त ओला दिसतो. पूल आधी गोठतात, कारण खालूनही गार हवा लागते. डोंगराच्या सावलीतली वळणं दुपारीही तशीच राहतात. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं. चारही चाकांना जोर देणारी गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही. उताराला खालचा गिअर, लांब अंतर, आणि ब्रेक-स्टीअरिंगला कुठलाही झटका नाही. बर्फावर पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या, म्हणजे चेन, लावायचा सराव घरापाशी करा. तिथे, अंधारात, हातमोजे घालून पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे.

बाकीच्या गोष्टी झटपट. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही बाजूने बंद असलेला गॉगल लावा. डोळे भाजल्याचं दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि मग वाट दिसत नाही. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि तोंड मोकळं राहतं. मोबाइल आणि हेडलॅम्पची, म्हणजे कपाळावर बांधायच्या दिव्याची, बॅटरी अंगाजवळ ठेवा. मदतीचा संकेत म्हणजे मिनिटाला सहा शिट्या किंवा सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

अंदाज शेवटच्या क्षणापर्यंत बघत राहा, आणि वर नेटवर्क नसेल तर खालून कुणीतरी कळवेल अशी सोय करा. ऑक्टोबर २०१४ मध्ये नेपाळच्या थोरोंग ला खिंडीत ऐन निरभ्र हंगामात बंगालच्या उपसागरातल्या हुदहुद चक्रीवादळाचे ढग पोहोचले आणि त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. वादळाची बातमी जगभर होती. खिंडीकडे चालणाऱ्या अनेकांपर्यंत ती नीट पोहोचली नव्हती.

तुमच्या आराखड्यात मी काय बदलेन ते सांगते. निरभ्र झाल्यानंतरचे पहिले दोन दिवस खिंडीकडे निघू नका. गावाजवळच्या सौम्य वाटांवर फिरा, साठीच्या पुढच्या दोघांना उंचीची सवय होऊ द्या. मोठ्या थंडीत हे दोन दिवसही पुरतील असं नाही, म्हणून सुट्टीत एक जास्तीचा दिवस धरा आणि खिंड झाली नाही तरी सहल झाली असं सगळ्यांनी निघण्याआधीच मान्य करा. परत फिरायची वेळ गावातच ठरवा, समजा दुपारी एक, आणि ती कागदावर लिहून मागे राहणाऱ्या माणसाकडे द्या. 'परत फिरू' असं सहापैकी कुणी एकानेही म्हटलं तर फिरायचं, कारण विचारायचं नाही. हे वर गेल्यावर ठरत नाही. तिथे खिंड समोर दिसत असते.

गावातल्या लोकांना 'वाट चालू आहे का' एवढंच विचारलंत तर उत्तर 'हो' असंच येईल. त्यापेक्षा विचारा: कुठली नाळ (डोंगरातली अरुंद, उभी घळ) दरवर्षी सुटते, म्हणजे कुठे दरवर्षी बर्फ कोसळतो, यंदा कुठली सुटली, या दिशेच्या वाऱ्यानंतर तुम्ही स्वतः किती दिवस थांबता. वाट शक्यतो दाट जंगलाच्या सोंडेवरून, म्हणजे डोंगरापासून खाली उतरलेल्या उंचवट्यावरून, घ्या, नाळेतून नको. चालताना झाडांकडे बघत राहा. फांद्या फक्त चढाच्या बाजूने तुटलेल्या असतील, किंवा जंगलात वरपासून खालपर्यंत सरळ मोकळा पट्टा गेला असेल, तर ती स्खलनाची नेहमीची वाट आहे. तिथे जेवायला किंवा मागच्यांची वाट बघायला थांबू नका. एकेकाने, न रेंगाळता पार करा आणि पलीकडच्या झाडीत पोहोचल्यावर मोजणी करा.